सोनूचं दाखवायचं चालणं

रायभाननं उभ्या जन्मात खोडीचं जनावर खोड सांगून इकलं न्हवतं. त्याची ती रीतच न्हवती. शेळी लंगडी असली की तो तिला बाजारात उताराला उभी करायचा, आखूड पाय चढाच्या अंगाला. गिऱ्हाईक मागून बघायचं, पुढून बघायचं, दात बघायचं, कास चाचपायचं, आन शेळी आपली पाटलिणीवाणी चारी पायावर सपाट. शिंगाला तेल, पोटात मिठाचं पाणी. गिऱ्हाईक शेळी घेऊन गावाच्या वाटंला लागलं की मग शेळीचा खरा धर्म कळायचा, तवर रायभान परभणीत हाटेलात भजे खात बसलेला असायचा.

"पाप लागंल तुमाला," त्याची बायको केवळाबाई म्हणायची.

"लागू दे. पाप काय गोचीड हाय का, अंगाला चिटकायला?"

पोखर्णीच्या अलीकडं त्याचं घर. पोरगा रामप्रसाद मेंढरं घेऊन साताठ महिने गोदागंगंच्या अंगाला फिरायचा. घरी रायभान, केवळाबाई, सून बबिता, आन नात सोनू.

सोनू सात वर्षांची. जन्मल्यावर ती लवकर रडली न्हाई, आन त्याची भरपाई तवापासून आजवर करायलीय. तोंड एकदम तेज. पायाचं तेवढं गणित चुकलेलं. गुडघ्याला गुडघा घासायचा, टाच भुईला लागायची न्हाई, चवड्यावर चालायची. मोठ्या दवाखान्यात सांगितलं होतं की जन्मताना मेंदूला हवा कमी पडली, म्हणून मेंदू पायाला जे हुकूम सोडतो ते वाकडेतिकडे पोचतेत. त्यामुळं तिला चालायला धराया काहीतरी लागायचं. घरी मागं ठिवलेल्या मेंढरांपैकी जे जवळ यील ते धरायची. निम्म्या मेंढरांच्या पाठीवर सोनूच्या मुठीएवढं टक्कल पडलेलं होतं.

केवळाबाईनं पोखर्णीच्या नरसिंहाला नवस बोलला होता. रायभान म्हणला, "तो देव सोता कमरंपस्तोर सिंह. पोरीचे पाय वाकडे हाईत हे त्याच्या ध्यानात तरी यील का?" केवळाबाईनं त्या दिवशी त्याला भाकर वाढली न्हाई. ताटात नुस्ती चटणी ठिवली आन म्हणली, सिंहाला माग.

मग गावात दवापाणी बघणाऱ्या आशाबाईकून बबिताच्या कानावर आलं की परभणीच्या एका दवाखान्यात डाक्टरांनी आन इंजिनियर पोरांनी मिळून एक खोली मांडलीय, असल्या लेकरांसाठीच. बबिता नवऱ्याशी फोनवर बोलली. रामप्रसाद तिकून म्हणला, "माझ्या ध्यानात काय येतंय त्यातलं? आबा म्हणतेल तसं करा." झालं, कारभार रायभानच्या गळ्यात आला.

दवाखान्यात राजेश्री मॅडम म्हणून हाडाच्या डाक्टर होत्या. बारीक अंगाच्या, बोलायला सरळ. त्यांनी टेबलावर प्लास्टिकचं हाड ठिवलं आन समजून सांगितलं.

"आजोबा, हे मांडीचं हाड. वरती हा गोळा. हा गोळा कमरेच्या वाटीत बसतो. मुलांचं हाड कोवळं असतं. त्याच्यावर जसा भार पडेल, स्नायू त्याला जसे ओढतील, तसं ते वाढतं. सोनूचे स्नायू वाकडे ओढतात, म्हणून हाड पिळत चाललंय. असंच वाढत गेलं तर एक दिवस गोळा वाटीतून निसटेल. मग चालणं तर सोडाच, नुसतं बसायलासुद्धा दुखेल."

रायभाननं ते हाड हातात घेऊन फिरवून बघितलं. असलं वाईट त्याला आजवर कुणी सरळ सांगितलं न्हवतं.

"मग त्याला इलाज काय?"

"ऑपरेशन. हाड कापायचं, फिरवून सरळ करायचं, धातूची पट्टी बसवायची. पण फार लवकर केलं तर वाढत्या वयात हाड परत पिळतं. उशीर केला तर गोळा निसटलेला असतो. कधी करायचं, हाच सगळा प्रश्न आहे."

त्याच्यासाठी कंपूटर होता. हाडाचे फोटो घ्यायचे, पोरीला चालाय लावून पायावर कुठून किती जोर पडतो ते मोजायचं, आन ते सगळं कंपूटरात घालायचं. मग कंपूटर आतल्या आत हाड वाढवून दाखवणार, धा वर्षांचं कसं, चवदा वर्षांचं कसं. पेरलं हितं आन कणीस दिसलं तिथं.

रायभाननं डोकं खाजवलं. "म्हंजे तुमचा कंपूटर पोरीला पारखणार."

"तसंच समजा," मॅडम म्हणाल्या.

इथंच घोळ झाला. मॅडमला काय म्हाईत की समोरचा म्हातारा पारखणाऱ्याला काय समजतो! रायभानच्या हिशोबात पारखणारा म्हंजे गिऱ्हाईक. गिऱ्हाईकाला खोड दिसली की जनावर गेलं कसायाकडं. आन हितं तर कापायची भाषा मॅडमनी सोताच्या तोंडानं काढली होती.

घरी आल्या आल्या त्यानं सोनूला अंगणात उभी केली.

रोज सकाळी ऊन पाण्यानं पाय शेकायचे. तिळाचं तेल चोळायचं, कडक झालेल्या शिरा हाळूहाळू वढून मऊ करायच्या. मग भितीपासून गोठ्यापस्तोर चालायचं, टाच टेकवून, गुडघे फाकवून, कशाला न धरता. रायभान तोंडानं टक्क आवाज करायचा. टक्क म्हणलं की टाच खाली. सोनू दम कोंडून, जीभ दातात धरून, सगळा जीव पायात आणून चालायची. गोठ्याला पोचली की जिलेबीचा तुकडा. पोचली की ती बदकन खाली बसायची, आन मग दिवसभर पाय दुखायलेत म्हणून आईला पिडायची.

बबिता एकदा धीर करून म्हणली, "मामा, डाक्टरीणबाईला जसं हाय तसं बघू द्या की."

"तुला बाजार म्हाईत न्हाई, पोरी."

"दवाखाना हाय तो, मामा."

"बाजार न्हाई अशी जागा दाखव मला एक."

ठरल्या दिवशी सगळी वरात ऑटोत बसून परभणीला निघाली. रायभाननं ऑटोतच तेलाची बाटली काढली आन पोरीचे पाय चोळाय लागला. ऑटोवाला म्हणला, "बाबा, सीटाला लागायलंय." रायभान म्हणला, "लागू दे, तुझी सीट बी मऊ पडंल."

ती खोली मोठी नवलाची होती. भितीवर चौफेर कॅमेरे. फरशीच्या खाली वजनाचे काटे बसवलेले, पाय टाकला की जोर मोजणारे. तिथला कारभारी माऊली, पिंगळी गावचा पोरगा, इंजिनियर झालेला, पण बोलायचा घरच्यावाणी. त्यानं सोनूला चड्डी घालून उभी केली आन तिच्या कमरंला, मांडीला, गुडघ्याला, घोट्याला चमकत्या गोट्या चिटकवल्या. कॅमेरे त्या गोट्या बघत्यात, त्यावरून आतलं हाड कसं हालतंय ते कळतं.

"पोळ्याला बैल बी एवढा सजवत न्हाईत," केवळाबाई म्हणली.

"आजी, बैल बी आणा कधी," माऊली म्हणला. "त्याचं बी हाड वाढवून देतो."

"चाल गं सोनू," मॅडम म्हणाल्या. "घरी चालतेस तशी."

रायभान खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राह्यला. टक्क. सोनूनं दम कोंडला. टाच खाली. टक्क. दुसरी टाच. गुडघ्याला गुडघा लागला न्हाई. पोरगी अशी चालली की बबितानं पदर तोंडावर घेतला. मॅडमनी चष्मा वर केला. परत चालवली, परत तसंच. रायभानला वाटलं आता शिट्टी मारावी.

"तो आवाज कसला करायलात, आजोबा?" माऊलीनं इचारलं.

"दात किडलाय."

कंपूटरला दमानं काम करू द्यायचं होतं, म्हणून पुढच्या महिन्यात बोलावलं. तवर रायभाननं गावात सांगून टाकलं की परभणीतल्या सगळ्या कॅमेऱ्यांनी सोनूपुढं हात टेकले. तेल, शेक, टक्क, सगळं बंद. सोनू परत मेंढराची लोकर धरून चवड्यावर फिराय लागली.

महिन्यानं परत सगळे त्या खोलीत बसले. माऊलीनं पडद्यावर हाडांची पोरगी काढली. मांस न्हाई, कातडं न्हाई, नुसती कमर आन दोन पाय, पण ती चालत होती. माऊली बटन दाबत गेला तशी ती वाढत गेली. आठ वर्षांची, धाची, बाराची. मांडीचं हाड लांब होत गेलं, गोळा वाटीत झकास बसलेला. चवदा वर्षांची झाली आन टाच टेकवत तुरुतुरु निघाली.

"छान आहे," राजेश्री मॅडम म्हणाल्या. "फोटो बघून मला जरा शंका होती. पण भार चांगला पडतोय हिच्या पायावर. ऑपरेशनची घाई नको. दोन वर्षं थांबू."

केवळाबाईनं तिथल्या तिथं नरसिंहाला हात जोडले. रायभान खुर्चीत मागं रेलला. "इंजिनियर, परत एकदा दाखव ती चवदाची."

माऊलीनं परत दाखवली. रायभान बघत राह्यला. मोठी झालेली सोनू. उद्या हिला बघाय पाव्हणे येतेल, हातात चहाचा ट्रे घेऊन ही अशी चालत यील.

तेवढ्यात खरी सोनू पडद्याला हात लावायला उठली. तिला ती हाडं लय आवडली होती. टेबलाची कड धरली, खुर्ची धरली, माऊलीची पँट धरली, गुडघ्याला गुडघा घासत, चवड्यावर, एक पाय दुसऱ्याच्या आड येत. मॅडम पाठ करून फोनवर बोलत होत्या. बबिता पिशवी आवरत होती. बघणारा एकटा रायभान. पडद्यावर एक पोरगी चाललेली, पडद्याखाली दुसरी. दोघींची वळख न्हाई पाळख न्हाई.

त्यानं माऊलीला हाळूच इचारलं, "आन समज, पोरगी अशी चालत नसंल तर?"

"तर मग ही हाडं हिची न्हाईत," माऊली म्हणला. "कंपूटरनं सोनूला कुठं बघितलंय, आजोबा? आपण जे दाखवलं तेवढंच त्याला म्हाईत. ते खरं धरून त्यानं पुढं वाढवलं."

रायभाननं मनात हिशोब मांडला. बाजारात कसं, लंगडी शेळी दुसऱ्याच्या दारात जाऊन लंगडायची. आपल्याला काय त्याचं! पण हितं कुणी सोनूला घेऊन जाणार न्हवतं. ती ह्याच ऑटोत बसून ह्याच्याच घरी येणार होती. गोळा निसटणार तो बी ह्याच्याच अंगणात. इकणारा बी रायभान आन फसणारा बी रायभान. असला सौदा त्यानं आजवर केला न्हवता.

गप बसला असता तरी चाललं असतं. मॅडमनी दोन वर्षांची सुट्टी दिलीच होती. कापायचं टळलं होतं. पण त्यानं परत सोनूकडं बघितलं, आन ती माऊलीची पँट धरून उभी होती.

मॅडमचा फोन झाला तसा तो उठला. खरं बोलायची सवय न्हाई, त्यामुळं सुरुवात कुठून करावी ते त्याला उमगंना.

"मॅडम, तुमचं मशीन बिघडलंय."

"काय झालं?"

"पोरगी लय चांगली दाखवायलंय."

केवळाबाईला ऱ्हावलं न्हाई. "मशीन काय बिघडलंय? ह्ये बिघडलेत! महिनाभर पोरीला तेल लावून, जिलेबी चारून चालाय शिकिवलं, बाजारात बोकड दाखवावं तसं. मला बी म्हणले गप ऱ्हा. मी बी मुडदी गप राह्यले."

मॅडमचा चेहरा लाल झाला. "आजोबा, दोन वर्षं घरी पाठवत होते मी हिला! तेवढ्यात गोळा निसटला असता तर? मला काय वाटलं असतं, माहिती आहे? कंप्युटर चुकला!"

"म्हणूनच म्हणलं बिघडलंय," रायभान बारक्या आवाजात बोलला.

"दात किडलेला न्हवता तर," माऊली म्हणला.

परत मोजायचं ठरलं, लगेच. गोट्या परत चिटकल्या. रायभानला कोपऱ्यात बसवलं आन तोंड बंद ठिवायची ताकीद दिली. पण आता सोनू कुठं ऐकायलीय! तिला पक्कं ठाऊक, ह्या खोलीत टाच टेकवायची असती. दम कोंडून सरळ चालली आन आबाकडं हात पसरला.

"तसं न्हाई माय," रायभान म्हणला. "तुझं तुझं चाल. घरच्यावाणी."

"घरच्यावाणी म्हंजे वाईट?"

"वाईट न्हाई. तुझं."

सोनूनं इचार केला आन दारू पिलेल्या माणसावाणी झोकांड्या खात चालली. मॅडम म्हणाल्या असं नको. मग ती एक हात कमरंवर ठिवून, वाकून, खोकत चालली. हुबेहूब रायभान. बबिताला हसू आवरंना. माऊली म्हणला, "हे कंपूटरात घातलं तर चवदा वर्षांची सोनू तंबाखू मागंल."

"नीट चाल की गं, तमाशा लावलाय का!" रायभान ओरडला.

"तमाशा कुणी लावला?" केवळाबाई उसळली. "पोरीवर काहून वरडायलात? तुमीच शिकिवलं तिला खोटं. सगळ्या जगाला शिकिवलं. माझ्या भावाला बी सोडलं न्हाई."

"आता तुझा भाऊ कुठून आला मधी?"

"उताराला उभी करून लंगडी शेळी गळ्यात मारली त्याच्या! सख्ख्या मेव्हण्याच्या! तवापासून दिवाळीला फिरकला न्हाई त्यो."

"फिरकला न्हाई तर बरं झालं, लाडू वाचले!"

"तुमचं तोंड जळो! माझ्या म्हायेराला लाडू मोजता?"

"म्हायेर कसलं ते! शेळीचे पाय मोजता येईनात, चार का तीन!"

केवळाबाईनं पिशवीतली पाण्याची बाटली उचलली. रायभाननं खुर्ची आडवी धरली. राजेश्री मॅडम "अहो, अहो, दवाखाना आहे" म्हणत मधी जायला निघाल्या, तर माऊलीनं त्यांच्या बाहीला धरलं आन नुसतं डोळ्यानं खुणवलं.

सोनू निघाली होती. दोन्ही मुठी आवळून, गुडघ्याला गुडघा घासत, चवड्यावर, खांदा एकीकडं टाकत, लाल होऊन. काट्यांवरून सरळ म्हातारा-म्हातारीच्या मधोमध आली.

"ए, गप बसा दोघं बी! इज्जत घालवायलात माझी, लोकायपुढं!"

केवळाबाईनं बाटली खाली ठिवली, रायभाननं खुर्ची सोडली.

"आजी," माऊली कंपूटरवरून मान वर न करता म्हणला, "अजून एक चक्कर पायजे. जरा भांडा की अजून."

"मोप हाय," केवळाबाई म्हणली. "चांदीच्या कड्याचं तर मी काढलंच न्हाई अजून."

अर्धा घंटा भांडण चाललं. सोनू तीनदा सोडवाय आली.

त्याच्या पुढच्या फेरीला पडद्यावर जी हाडांची पोरगी आली, ती सगळ्यांच्या वळखीची होती. गुडघे आत, चवड्यावर. माऊलीनं बटन दाबलं. आठ. मांडीचं हाड पिळाय लागलं. नऊ. गोळा वाटीच्या कडंला आला. धा वर्षांची झाली तवा निम्मा गोळा भायेर होता. बबितानं मान फिरवली. माऊलीनं पुढं दाबलं न्हाई.

मग त्यानं दुसरं चित्र लावलं. तेच हाड, तीच चाल, पण ह्या हिवाळ्यात कापून सरळ केलेलं, आन मागून रोजचा व्यायाम. तिथं चवदा वर्षांपस्तोर गोळा वाटीत राह्यला. पाय काही सरळसोट झाले न्हाईत. पोरगी काठी घेऊन चालत होती. पण चालत होती.

रायभान पडद्याजवळ सरकला. पहिल्या बारीची ती तुरुतुरु चालणारी पोरगी कुठंच न्हवती. ती कधी न्हवतीच.

"हे असंच होणार का नक्की?" त्यानं इचारलं.

"नक्की न्हाई, आजोबा. अंदाज हाय."

"टीव्हीवर पावसाचा सांगत्यात तसा?"

"त्याच्यापेक्षा बरा हाय."

"त्याच्यापेक्षा बरा तर माझा बोकड बी सांगतो."

"नुसतं कंप्युटरवर नाही करत आम्ही," मॅडम म्हणाल्या. "फोटो बघून मलाही हीच भीती होती. तुमच्या त्या टक्क टक्कनं मला माझ्याच डोळ्यांवर शंका आली. आता सांगा. करायचं?"

सगळे रायभानकडं बघाय लागले. रामप्रसादला फोन लावून उपयोग न्हवता, तो तेच म्हणला असता. रायभाननं हूं म्हणून मान हालवली.

सोनू इतका येळ बाकावर बसून पाय हालवत होती. तिनं आबाचा सदरा वढला.

"आबा, कापल्यावर दुखतंय का?"

रायभानचं तोंड उघडलं. जिभंवर आलंच होतं, मुंगी चावल्यावाणी वाटंल म्हणून. असलं बोलायला त्याला कधी इचार करावा लागला न्हवता. त्यानं तोंड मिटलं. परत उघडलं.

"दुखंल," तो म्हणला. "लय दुखंल. हाड कापायचं हाय, माय, गवत न्हाई."

"किती दिवस?"

"ते मला म्हाईत न्हाई."

सोनूनं त्याच्याकडं नीट निरखून बघितलं.

"मग तू काहून रडायलास? पाय माझा हाय."

"मी कुठं रडायलोय?"

"दिसायलंय की सगळ्याला."

केवळाबाई मॅडमच्या अंगाला सरकली. "त्यायला रडू द्या, मॅडम," ती म्हणली. "तुमी तेवढी तारीख धरा. लवकरची धरा. ह्यो माणूस खरं बोलायला लागलाय, किती येळ टिकंल सांगता येत न्हाई."